सीमोल्लंघन आणि शिक्का

दसरा होऊन गेला. आमच्या एरंडोलची मंडळी रिवाजाप्रमाणे वेशीबाहेर गेली, आपट्याची पाने लुटली आणि दिवेलागणीला अंजनीच्या काठाने घरोघर परतली. सीमोल्लंघन झाले. कोणी अडवले नाही, कोणी नावगाव विचारले नाही. सीमा ओलांडायची आणि सोने घेऊन घरी यायचे, एवढी साधी सोपी ही सणाची कल्पना आहे. परदेशगमनाविषयी आपल्या घराघरांतून जी कल्पना असते तीही फारशी निराळी नाही. मुलाने जावे, सोने लुटावे, आणि परत यावे. नच आला तर निदान चार पाने पाठवीत राहावी. वाटेत एक दार आहे, दारात एक माणूस बसलेला आहे आणि त्याच्या हाती एक शिक्का आहे, ही गोष्ट त्या कल्पनेत कोठे बसत नाही. आपल्या साहित्यातही ती क्वचितच दिसते. या दोन उणिवांचा एकमेकींशी काही संबंध असावा असे मला पुष्कळ दिवस वाटत आहे. यंदा आमच्या गल्लीत जे घडले त्याने तो विचार कागदावर उतरवणे भाग पडले.

गल्लीतल्या एका मुलाला परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळाला. बापाने शेत तारण ठेवून बँकेचे कर्ज उभे केले. मुलगा मुंबईला एका वकिलातीत गेला, खिडकीपाशी दोनचार मिनिटे उभा राहिला आणि नकाराचा कागद घेऊन रात्रीच्या गाडीने परतला. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर त्याचा निवाडा झाला. आमच्या गल्लीतले जिभाऊ म्हणाले, "त्यानंच काहीतरी चुकनं व्हई." बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्या दिवसापासून त्या मुलाची आई कोणाच्या हळदीकुंकवाला गेलेली मी पाहिली नाही. तो कागद मी वाचला. त्यात मुलाची चूक अशी काही लिहिलेलीच नव्हती. तू शिकून परत मायदेशी जाशील याची आम्हांस खात्री पटली नाही, एवढाच त्याचा आशय. ज्या मुलाने अद्याप घर सोडले नाही तो घरी परतणार नाही, असा हा निकाल! आणि याच ओट्यावर गेल्या वर्षी दुसऱ्या एका मुलाच्या व्हिसाचे पेढे वाटले गेले तेव्हा हेच जिभाऊ म्हणाले होते की पोरगा हुशार, त्याला कोण अडवणार?

मिळाला तर गुण, न मिळाला तर दोष. नियम म्हणून मधे काही असतो हे आपल्या गावीही नाही. ही दृष्टी आपल्याला कोठून आली? माणसाची दृष्टी घडवण्यात पुस्तकांचा वाटा असतो असे आपण टीकाकार नेहमी सांगत असतो. मग या बाबतीतही पुस्तकांकडेच थोडा जाब मागायला हवा.

मराठी माणसाच्या परदेशाच्या वाटेवर आजवर तीन दारे आली. पहिले समाजाचे, दुसरे आपल्याकडील सरकारचे आणि तिसरे परक्या सरकारचे. यांपैकी पहिल्या दाराचे चित्र आपल्या साहित्याने फार समर्थपणे काढले. दुसऱ्याची त्याने थट्टा केली. तिसऱ्यापाशी येऊन ते मुके झाले.

पहिल्या दाराची कथा म्हणजे अर्थातच आनंदीबाई जोशी यांची. काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहिले. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ साली आली आणि घराघरांत वाचली गेली. २०१९ साली त्याच नावाच्या चित्रपटाने ती कथा नव्या पिढीपुढे ठेवली. या कथेचा जोर कशात आहे? अडवणारी माणसे तिच्यात दिसतात यात. शेजारी आहेत, नातलग आहेत, रस्त्यात टोमणे मारणारे आहेत, आणि धर्मांतर केलेत तर मदत करू असे सुचवणारा मिशनरीही आहे. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या सभेत अठराव्या वर्षात असलेली ती मुलगी उभी राहून आपण अमेरिकेला का जातो हे लोकांना सांगते. विरोध करणाऱ्यांना चेहरे आहेत, म्हणून तिच्या धैर्यालाही चेहरा मिळतो.

पण एका गोष्टीकडे आपल्यापैकी किती जणांचे लक्ष गेले असेल? ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाईंनी कलकत्ता सोडले आणि ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. तेथे उतरण्यासाठी त्यांना कोणत्याही वकिलातीपुढे उभे राहावे लागले नाही, कारण तसा प्रवेशपरवाना तेव्हा लागतच नव्हता. जी मुलगी घरच्या उंबरठ्यावर पावलोपावली अडवली गेली तिला अमेरिकेचा उंबरठा सताड उघडा होता. मात्र तो सर्वांना उघडा नव्हता. अवघ्या एका वर्षापूर्वी, मे १८८२ मध्ये, त्याच अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला होता. आनंदीबाई ज्या दारातून आत गेल्या त्या दाराची एक फळी तेव्हाच लागलेली होती. कादंबरीने हे सांगितले नाही म्हणून मी तिला उणी म्हणणार नाही. तिचा विषय एक विलक्षण विवाह हा आहे आणि तो तिने उत्तम पेलला आहे. परंतु त्या कथेवर पोसलेल्या वाचकाने एक धडा नकळत गिरवला: अडथळा काय तो मागे असतो, पुढे असते ते स्वागत, जिद्द असली की दार उघडते. आमच्या ओट्यावरचे तत्त्वज्ञान याहून वेगळे काय आहे?

पुढे ती दुसरी फळीही लागली. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानसह आशियाच्या बऱ्याच भागातून येणाऱ्यांना अमेरिकेत बंदी झाली. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, सबब तो नागरिक होऊ शकत नाही. त्या खटल्यात थिंद यांच्या बाजूने जे वकील होते त्यांत एकाचे नाव होते सखाराम गणेश पंडित. हे नाव एरंडोलच्या मतदारयादीत घातले तर कोणी मान वर करून पाहणार नाही! थिंद हरले आणि मग सरकारने, १९१४ मध्ये रीतसर नागरिक झालेल्या या पंडितांचेच नागरिकत्व काढून घेण्यासाठी त्यांच्यावर खटला भरला. ते स्वतःसाठी लढले आणि १९२७ पर्यंत चाललेल्या त्या झगड्यात जिंकले. परक्या देशाच्या दारात पाय रोवून उभा राहिलेला असा पुरुष! त्याच्यावर मराठीत एखादे बरे नाटक का असू नये? आपल्याला पोथीपुराणातली धैर्ये पुरतात. कायद्याच्या कलमाशी झुंजणारे धैर्य आपल्याला रंगभूमीच्या योग्यतेचे वाटत नाही.

आता दुसऱ्या दाराकडे वळू. पासपोर्ट हा प्रकार सर्वत्र सक्तीचा झाला तो पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत. त्याचा पहिला मोठा फटका आपल्याकडे बसला तो लोकमान्यांना. १९१८ साली होमरूलच्या शिष्टमंडळाबरोबर ते विलायतेला निघाले आणि कोलंबोपर्यंत गेल्यावर परवाने रद्द झाल्याचे कळून त्यांना मागे फिरावे लागले. त्याच वर्षी पुढे चिरोल खटल्यासाठी परवाना मिळाला तो राजकीय चळवळ न करण्याच्या अटीवर. साहेब गेला, स्वराज्य आले. पण पासपोर्ट हा नागरिकाचा हक्क नसून सरकारची मर्जी आहे, ही समजूत सरकारदरबारी टिकून राहिली. एप्रिल १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात परदेशगमनाचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे असे सांगितले, आणि त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला.

या पार्श्वभूमीवर पु. ल. देशपांड्यांची 'अपूर्वाई' वाचून पाहावी. ती १९६० साली पुस्तकरूपाने आली. मराठी कुटुंबाने परदेश पाहिला तो प्रथम या पुस्तकातून, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. आमच्या घरी ती मोठ्याने वाचली जाई आणि निघण्याच्या तयारीचा गोंधळ आला की स्वयंपाकघरातूनही हसू ऐकू येई. त्या हसण्याचे ऋण मी मानतो. पण त्या काळाचा कायदा पाहिला की एक गंमत ध्यानात येते. १ जुलै १९६२ पर्यंत राष्ट्रकुलातल्या नागरिकाला ब्रिटनमध्ये जाऊन राहण्यास तिकडच्या कायद्याने आडकाठी नव्हती. म्हणजे विलायतेचे दार उघडे होते आणि कुलूप होते ते इकडे. 'अपूर्वाई'तला प्रवासी हा कामासाठी जाणारा, परत येणारा, सर्वत्र पाहुणा म्हणून वावरणारा माणूस आहे. कागदपत्रे ही त्याच्या वाटेतली गमतीची खटपट आहे. ती त्याच्या नशिबाचा निवाडा नाही. हे त्या पुस्तकाच्या प्रकृतीला धरूनच आहे. दोष असेल तर तो पुलंच्या मागून आलेल्या प्रवासवर्णनकारांचा. त्यांनी पुलंची नजर घेतली नाही, फक्त सूर घेतला. त्यांच्या पुस्तकांत विमान सुटते, ढग दिसतात, हवाई सुंदरी चहा देते आणि पान उलटले की लंडन येते. लंडनला उतरू न दिलेला माणूस प्रवासवर्णन लिहीत नाही, ही त्या वाङ्मयप्रकाराची मूळचीच मर्यादा आहे. म्हणूनच तो भरून काढण्याचे काम कथेचे आणि कादंबरीचे होते.

तिसऱ्या दाराशी आपण आज उभे आहोत. अमेरिकेने १९४६ मध्ये वर्षाला शंभर भारतीयांपुरते दार किलकिले केले आणि १९६५ च्या कायद्याने वंशाच्या जुन्या वाटण्या मोडल्या. मग डॉक्टर गेले, इंजिनिअर गेले. 'खिशात आठ डॉलर घेऊन गेलो' हे त्या पिढीचे पालुपद झाले. त्या पिढीला कष्ट पडले यात शंका नाही. परंतु ती पिढी ज्या क्षणी दाराशी पोचली त्या क्षणी दार नुकतेच उघडले होते, हेही तितकेच खरे. आज तेथे कामासाठी जाणाऱ्यांकरता वर्षाला पंचाऐंशी हजारांची मर्यादा आहे आणि अर्ज अधिक आले की सोडत निघते. सप्टेंबर २०२५ मध्ये तर नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची रक्कम लावण्याची घोषणा झाली. कायम राहण्याच्या परवान्यांत कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून अधिक येऊ नयेत असा दंडक असल्यामुळे भारतीयांची रांग दशकांच्या हिशेबाने मोजावी लागते. आईबापांच्या परवान्यावर लहानपणी गेलेले मूल एकविसाव्या वर्षी त्या रांगेतून बाहेर पडते. सोडत, टक्केवारी, रांग! यात हुशारी कोठे आणि चूक कोठे?

आता जयवंत दळवींचे 'संध्याछाया' आठवावे. नाना आणि नानी, अमेरिकेत गेलेला मुलगा, रिकामे घर. हे नाटक पाहून डोळे न पुसलेला प्रेक्षक मला भेटलेला नाही. म्हातारपणाचे एकाकीपण इतक्या साध्या शब्दांत मराठी रंगभूमीवर क्वचितच आले असेल. तथापि या नाटकाने आपल्या मनात एक कायमचा आरोपी उभा करून ठेवला: न परतणारा मुलगा. त्याच्या काळात तो आरोप पुष्कळ अंशी खरा असेल. आज त्याच आरोपीच्या पिंजऱ्यात आपण ज्याला उभा करतो त्याची बाजू कोण मांडणार? परवान्याची मुदत संपत आली आहे. गावी जाऊन परतताना वकिलातीने नवा शिक्का नाकारला तर नोकरी, घर, मुलांची शाळा, सारेच तिकडे अडकून राहील. २०२० आणि २१ साली महामारीच्या काळात हजारो घरांनी हा पेच भोगला. आई अतिदक्षता विभागात आणि मुलगा दूरध्वनीवर. तो आला नाही, की त्याला येता आले नाही? या दोन वाक्यांमधल्या फरकात एक अख्खे नाटक दडलेले आहे. 'संध्याछाये'चा दुसरा अंक आपल्या नाटककारांनी अजून लिहायचा आहे. अपर्णा वेलणकरांनी 'फॉर हिअर, ऑर टू गो?' या पुस्तकात उत्तर अमेरिकेतल्या मराठी माणसांशी बोलून त्यांची बाजू मांडली, ते काम मोलाचे आहे. पण जे पोचले त्यांची ती कैफियत आहे. जे खिडकीवरून परतले त्यांची अजून कोणी ऐकलेली नाही.

आणि परदेश म्हणजे केवळ अमेरिका, हाही आपल्या वाङ्मयाचा एक उच्चवर्णीय गैरसमज आहे. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार, दहावी न झालेल्या माणसाला आखाती देशांसह अठरा देशांत मजुरीस जायचे तर सरकारची वेगळी मंजुरी लागते. त्याची फसवणूक होऊ नये हा हेतू चांगलाच आहे. पण गवंडी, ड्रायव्हर, वेल्डर यांच्या हातातली ती पुस्तिका, तिच्यावरचा तो शेरा, एजंटाच्या दारातल्या खेपा, हा सगळा अनुभव मराठी कथेत किती आला? मल्याळममध्ये बेन्यामिन यांच्या 'आडुजीवितम्'ने २००८ साली आखातातल्या मजुराचे जिणे कादंबरीत आणले आणि सारा केरळ ती वाचता झाला. कोकणातून, खानदेशातून, मराठवाड्यातून माणसे आखातात जात नाहीत काय? मग ती आपल्या पुस्तकांत कोठे आहेत?

दार उघडे असणे म्हणजे आत प्रवेश मिळणे नव्हे, हे सांगणारी कथाही आपल्याच भाषेत घडलेली आहे. कोकणातले बेने इस्रायल लोक १९४८ नंतर इस्रायलला गेले. तेथला कायदा त्यांना बोलावत होता. पण पोचल्यावर तेथील धर्मपीठाने विवाहाच्या प्रश्नावर त्यांच्या यहुदीपणाविषयीच शंका काढली. घरी मराठी बोलणाऱ्या या लोकांनी निदर्शने केली, आणि १९६४ साली सरकारला जाहीर करावे लागले की हे लोक सर्व बाबतींत इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहेत. ही माणसे तेथे आजही 'मायबोली' नावाने मराठी नियतकालिक काढतात. कागद मिळाल्यावरही माणसाला आपण कोण हे सिद्ध करीत बसावे लागते, याहून मोठा विषय कादंबरीकाराला कोणता हवा?

येथवर मी साहित्याला दोष दिला. आता वाचकाकडे, म्हणजे स्वतःकडे, वळले पाहिजे. धरणगावच्या स्टेशनवर सुरतेकडची पॅसेंजर आली की फलाटावरचा माणूस ओरडतो, "अहो सरका, माणुसकी आहे की नाही?" तोच माणूस डब्यात शिरला की पुढच्या स्टेशनवर दार धरून सांगतो, "पुढे जा, इथे जागा नाही." परदेशी नियमांविषयी आपले मत असेच फलाटावर एक आणि डब्यात एक असते. ज्यांची मुले आत स्थिरावली त्यांना नियम अधिक कडक हवे असतात. ज्यांची बाहेर राहिली त्यांना ते अमानुष वाटतात. देशाला आपल्या दाराचे नियम करण्याचा अधिकार नाही असे माझे म्हणणे मुळीच नाही. डब्यालाही आसने मोजकीच असतात. पण बाहेर राहिलेल्याला गुन्हेगार ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आणि आपणही कोणाच्या तरी वाटेतले दार आहोतच. सातपुड्यातून, पलीकडच्या मध्य प्रदेशातून, पावरा आणि बारेला कुटुंबे कपाशी वेचायला आमच्याकडे उतरतात. कोणी सालदार म्हणून शेतातल्या खोपीत राहते. चोरीमारी झाली की पहिला प्रश्न त्यांना विचारला जातो: तुम्ही कुठले? कागद काय आहे? तो प्रश्न विचारतानाचा आपला आवाज एकदा नीट ऐकून पाहावा. वकिलातीच्या खिडकीमागचा आवाज आपल्याला अगदीच अनोळखी वाटणार नाही.

जुन्या गॅझेटियरात एरंडोलची नोंद आहे ती येथे होणाऱ्या देशी जाडाभरड्या कागदासाठी. तो कागद वह्या-चोपड्यांच्या, पत्रांच्या कामी येत असे. कागद माणसाचे काम करीत होता. आज माणूस कागदाचे काम करतो. पण गॅझेटियरापेक्षाही जुनी एक समजूत आमच्या गावात आहे. महाभारतातली एकचक्रा नगरी ती हीच, असे आम्ही मानतो. लाक्षागृहातून निसटलेले पांडव नाव बदलून, वेष पालटून या नगरीत आले. एका गरीब ब्राह्मणाने त्यांना घरात जागा दिली. तुम्ही कोण, परत कधी जाणार, असे त्याने दारात अडवून विचारले असते तर त्यांना खरे उत्तर देता आले नसते. पुढे बकासुराची पाळी त्या घरावर आली तेव्हा गावकऱ्यांपैकी कोणी नव्हे, तर त्या आसरा घेतलेल्यांपैकीच एकजण गाडाभर अन्न घेऊन निघाला. ही गोष्ट आम्ही अभिमानाने सांगतो. तिचा अर्थ आम्ही लावला आहे काय, हा प्रश्न निराळा.

दिवाळीचे दिवस आहेत. त्या परतलेल्या मुलाच्या घरीही कंदील लागला आहे. जरा उशिरा लागला, इतकेच. फराळाचे ताट घेऊन मी उद्या तिकडे जाणार आहे. जिभाऊंनाही बरोबर चला म्हणून सांगितले आहे. ते येतो म्हणाले. तो नकाराचा कागद त्यांनी एकदा स्वतः वाचावा, एवढीच माझी इच्छा आहे. टीकाकाराचे काम तरी शेवटी याहून मोठे काय असते? जे लिहिलेले आहे ते नीट वाचा, आणि जे लिहिले गेले नाही त्याची वाट पाहा, इतकेच त्याने म्हणावे.